अनुभव धागा: इंदूरला कोणी यायचं, की इथून कोणी जायचं?

एक जण इंदूरला आणि दुसरा पुण्यात, नाशकात नाहीतर मुंबईत, अशा जोड्या आपल्या इथल्या मराठी घरांत पुष्कळ आहेत. कुठे लग्न झालंय, कुठे ठरलंय, कुठे अजून घरी सांगितलेलंही नाही. वर्ष-दोन वर्षं फोनवर निघतात आणि मग प्रश्न येतो: एकाने गाव सोडायचं का? सोडायचं तर कोणी, आणि कधी?

या धाग्यावर स्वतःची कहाणी नको. कामानिमित्त अशा जोड्या ज्यांच्यासमोर सतत येतात, त्यांनी नेमकं लिहावं: आधी काय करायचं, कुठे अडतं, पैसा कुठे वाया जातो. आणि एक विनंती, मुलीनेच यायचं असतं असं गृहीत धरून लिहू नका.

एचआर, सुपर कॉरिडॉर

"आधी राजीनामा देतो, मग इंदूरला जाऊन नोकरी शोधतो" हा क्रम उलटा आहे. हातात नोकरी नसली की पगाराच्या बोलणीत बाजू कमकुवत होते. पहिलं काम, आपल्याच कंपनीत बदली मागणं. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर टीसीएस आणि इन्फोसिसचे मोठे कॅम्पस आहेत, तरीही पुण्यात याच कंपन्यांत असलेली मुलं बदलीचा अर्ज न करताच राजीनामा देतात. बदलीत नोकरी सलग धरली जाते, नव्या नोकरीत शून्यापासून मोजणी सुरू होते.

ही सलगता का महत्त्वाची, ते आकड्यात बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांसाठी, पाच वर्षं सलग लागतात. हिशोब असा: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ वेतन ५२,००० असेल तर वर्षाला ३०,००० होतात, पाच वर्षांचे दीड लाख. चार वर्षं तीन महिने झालेल्या माणसाने घाईने सोडलं तर हे दीड लाख गेले. अशा वेळी जोडीदाराला सरळ सांगावं, नऊ महिने थांब. नऊ महिने थांबण्याने जे नातं मोडेल, त्यासाठी गाव सोडूच नये असं माझं मत आहे.

पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून नव्या खात्यात वळवा. पाच वर्षं सलग भरण्याआधी काढलात तर त्यावर कर लागतो, आणि सामान हलवण्याच्या खर्चासाठी लोक नेमकं हेच करतात.

घरून कामाची परवानगी असेल तर ती पत्रावर हवी. कामाचं ठिकाण इंदूर, कधीपर्यंत, महिन्यातून किती दिवस ऑफिसला यायचं, तो प्रवासखर्च कोणाचा. मॅनेजर तोंडी "चालेल" म्हणतो, सहा महिन्यांनी मॅनेजर बदलतो आणि नवा माणूस सगळ्यांना परत बोलावतो. इकडे घराचा करार झालेला असतो.

आरोग्य विम्याकडे कोणीच बघत नाही. कंपनीचं कव्हर साधारण शेवटच्या दिवशीच संपतं. स्वतःची पॉलिसी घेतली तर अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस ती लागू नसते, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पॉलिसी नोटीस पिरियडमध्येच घ्या, शेवटच्या आठवड्यात नाही.

शाळा-दवाखान्यांच्या भरतीचं काम बघणारी, पलासिया

वरचं सगळं आयटीला लागू. ज्यांचा पेशा परवान्यावर चालतो, त्यांचं गणित वेगळं.

नर्स आणि फार्मासिस्ट यांची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. महाराष्ट्राच्या नोंदणीवर इथे कायम नोकरी धरता येत नाही. जुन्या कौन्सिलकडून ना-हरकत आणि पडताळणी, मग इथल्या कौन्सिलकडे अर्ज, यात महिने जाऊ शकतात. ही सुरुवात तिथली नोकरी चालू असताना करायची. मूळ गुणपत्रिका आणि इंटर्नशिपचे दाखले गावी आईकडे कपाटात असतात आणि अर्ज तिथेच अडतो. वकिलांना तुलनेने सोपं आहे: सनद देशभर चालते, मात्र इथेच कायम राहायचं असेल तर एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्यात नाव नेण्याचा अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करावा.

शिक्षकांनी लक्षात ठेवावं, महाराष्ट्राची टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) मध्य प्रदेशच्या सरकारी भरतीत उपयोगाची नाही. सीटीईटी, म्हणजे केंद्राची तीच परीक्षा, असेल तर केंद्रीय विद्यालयाचं दार उघडं राहतं. खासगी सीबीएसई शाळांत बी.एड. आणि हिंदी-इंग्रजी बोलणं बघतात. मराठी माध्यमातच शिकवलेलं असेल तर आधी डेमो लेसन हिंदीत देऊन बघा.

सरकारी नोकरीत: दोघेही केंद्राचे असतील तर नवरा-बायकोला एका ठिकाणी ठेवण्याबद्दल ३० सप्टेंबर २००९ची केंद्राची सूचना आहे. ती "शक्यतो" या स्वरूपाची आहे, हक्क नव्हे, आणि लग्न झालेलं असावं लागतं. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याची बदली मध्य प्रदेश शासनात होत नाही. तिथे हललं तर नोकरी गेली असंच धरून चालावं, आणि म्हणून अशा जोडीत बहुधा इंदूरच्या माणसाने जाणं शहाणपणाचं.

सगळ्यात जास्त मुली जिथे फसतात ते शेवटी लिहिते. महाराष्ट्रातलं जातीचं प्रमाणपत्र घेऊन लग्नाने मध्य प्रदेशात आल्यावर इथल्या राज्य सरकारच्या नोकरीत राखीव जागेचा फायदा मिळत नाही. नवऱ्याची जात कुठलीही असो, आरक्षण जन्माने आणि मूळ राज्याने ठरतं. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलीने हे समजून मगच ठरवावं. परीक्षेची दोन वर्षं महाराष्ट्रात काढून मग येणं, हा मार्ग खुला असतो.

तिकिटांचं काम करणारा, सरवटे बसस्टँडजवळ

हलायचं की नाही, हे थोडं रस्त्यावरही अवलंबून आहे. पुणं इथून साधारण ६०० किलोमीटर, सेंधवा-धुळे मार्गे रात्रीच्या बसला बारा-चौदा तास. रेल्वे रतलाम, वडोदरा, वसईवरून फिरून जाते, त्यामुळे वेळ आणखी जास्त. मुंबईला अवंतिका एक्सप्रेस रात्रीत पोचवते. म्हणजे मुंबईच्या जोडीला दर पंधरवड्याची भेट झेपते, पुण्याच्या जोडीला तिकीट तेवढंच काढूनही थकवा जास्त.

शुक्रवारी संध्याकाळी सातला निघालात तर शनिवारी सकाळी नऊला दारात, आणि रविवारी सातला परतीची गाडी. हातात ३४ तास, त्यातली एक रात्र झोपेची आणि शनिवारची सकाळ बसच्या शिणात. महिन्यातून दोनदा एकच माणूस ये-जा करत असेल तर तो सहा महिन्यांत कुरकुरायला लागतो. आळीपाळी ठरवा, आणि मधली भेट नाशिक किंवा धुळ्यात ठेवता येते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, दिवाळी आणि मे महिन्याच्या तारखा त्याच दिवशी काढाव्या.

इंदूर-मनमाड नव्या लोहमार्गाला सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, २०२८-२९पर्यंत पूर्ण करायचं ठरलंय. तो झाला की महाराष्ट्राचा रस्ता पुष्कळ जवळ येईल. पण आजचा निर्णय त्या भरवशावर पुढे ढकलू नये.

घरं भाड्याने लावून देणारा, रामबाग

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. एवढं ऐकलंत तरी माझं काम झालं.

करार अकरा महिन्यांचा होतो, कारण वर्षाच्या पुढे गेला की नोंदणी सक्तीची. करारात तीन ओळी वाचा: लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती, सोडायची सूचना किती दिवसांची, रंगाचे पैसे कापणार का. डिपॉझिट साधारण एक-दोन महिन्यांचं भाडं. सहा महिन्यांचा लॉक-इन मान्य करू नका, प्रयोगाच्या काळात तोच गळ्यात पडतो. घरमालक भाडेकरूची माहिती पोलिसांत देतो, त्यासाठी दोघांचं आधार आणि फोटो तयार ठेवा.

लग्न झालेलं नसेल तर घरमालकाला पहिल्याच भेटीत सांगा आणि करारात दोघांची नावं घाला. "भाऊ-बहीण" सांगून घेतलेलं घर शेजारच्या काकूंना कळलं की आठवड्यात रिकामं करावं लागतं. नकार पहिल्या दिवशी मिळाला तर फक्त एक फेरी वाया जाते.

जागा नोकरी बघून घ्या, नात्यागोत्याचं घर बघून नाही. पीथमपूर राऊच्या पुढे, सुपर कॉरिडॉर विमानतळाच्या बाजूला, विजयनगर तिसऱ्याच टोकाला. लोकमान्यनगर किंवा रामबागेत मराठी शेजार मिळतो हे खरं, पण विजयनगरच्या ऑफिसला रोज शहरातली गर्दी ओलांडून जाणं नव्या माणसाला पेलत नाही. आणि पाणी विचारा. नर्मदेचं पाणी पुष्कळ भागांत एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोअरिंग आहे का, टाकी किती लिटरची, टँकर मागवला तर पैसे कोणाचे.

विवाह समुपदेशक, तिलकनगर

निर्णय चुकतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: "तू ये ना" आणि "येते" यांच्यामध्ये काहीच बोलणं झालेलं नसतं.

आधी चाचणी करा. येणाऱ्याने चार ते सहा आठवडे इंदूरला राहून आपलं रोजचं काम करायचं. दिवाळी, रंगपंचमी, लग्नसराई यात नाही, साध्या दिवसांत. पाहुणा म्हणून सराफ्यात फिरणं वेगळं आणि बुधवारी दुपारी चारला, जोडीदार ऑफिसात असताना, घरात एकटं बसणं वेगळं. पहिले दहा दिवस उत्साहाचे असतात, ते मोजू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काय वाटतं ते लिहून ठेवा: कोणाशी बोललात, कोणाला हाक मारू शकता, घरकाम कोणावर पडलं. आणि उलटी चाचणीही हवी, इंदूरच्या माणसाने दोन-तीन आठवडे त्या गावी राहून बघायचं. हे जवळजवळ कोणी करत नाही. "आईबाबा इथे आहेत, मला निघताच येत नाही" असं पहिल्याच वाक्यात ऐकू येतं. आईबाबा समोरच्यालाही आहेत. दोन्हीकडच्या चार माणसांची वयं, आजार, जवळ राहणारं दुसरं भावंड, हे एका कागदावर मांडा. पुष्कळदा चित्र बोलण्यापेक्षा वेगळं निघतं.

मग दोघांनी वेगवेगळं बसून या प्रश्नांची उत्तरं लिहावी आणि नंतर कागद बदलावे. किती काळासाठी हलतोय? नोकरी सहा महिन्यांत नाही लागली तर काय? पुन्हा आढावा कोणत्या तारखेला? हलणाऱ्याचा पगार थांबला तर त्याचा विमा, हप्ते, घरी पाठवायचे पैसे कोण भरणार? न जमल्यास घर कोण सोडणार, डिपॉझिट कोणाचं? या प्रश्नांनी नात्यात अविश्वास येतो असं मोठी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. उत्तरं माहीत असलेली माणसं भांडतात कमी.

पैशाचं एवढं तरी पाळा: हलणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर सहा महिन्यांचा खर्च आणि परतीचं भाडं शिल्लक असावं, आणि त्यात सामान हलवण्याचा खर्च धरू नये, तो दोघांनी वाटून घ्यावा. ज्याला परत जाता येतं, तो राहतो तेव्हा मनापासून राहतो.

काही परिस्थितींत मी स्पष्ट "जाऊ नका" म्हणते. सततची भांडणं जवळ आल्यावर थांबतील या आशेने. दोन वर्षं झाली तरी समोरच्याने घरी तुमचं नावही काढलेलं नसेल तर. आणि तुझं बँक खातं बंद कर, मूळ कागदपत्रं माझ्याकडे दे, मैत्रिणींशी बोलणं कमी कर अशा अटी येत असतील तर मुळीच नाही. आल्यावर असं सुरू झालं तर महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५चा कायदा लग्नासारख्या एकत्र राहण्यालाही लागू होतो.

वकील, जिल्हा न्यायालय

वर लग्नाचा उल्लेख आला म्हणून. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे लग्न करायचं असेल तर दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असला की पुरे. इंदूरचा माणूस इथे राहतोच, तेव्हा दुसऱ्याने फक्त यासाठी नोकरी सोडून यायचं कारण नाही. नोटीस दिल्यावर ३० दिवस ती लावली जाते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं, नाहीतर नवी नोटीस. साक्षीदार तीन.

आरटीओची कामं करणारा

गाडी आणणाऱ्यांनी: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, बँकेचं कर्ज असेल तर बँकेचंही पत्र, मग इथे फॉर्म २७ आणि इथला रोड टॅक्स. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नव्या नंबरचं आरसी दाखवल्यावर, आणि त्यासाठी त्या गावी चकरा होतात. गाडी सात-आठ वर्षं जुनी असेल तर विकून यावं. नवी घेणार असाल आणि कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच (भारत मालिकेचा) नंबर घ्या, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच.

दुचाकी रेल्वेने पाठवताना टाकी पूर्ण रिकामी हवी, आरसीची प्रत हवी, आणि आरसे काढून हँडलला गोणपाट नीट गुंडाळा. गॅसचा सिलिंडर सामानात घालू नका. जुन्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, डिपॉझिट मिळतं, आणि त्याच कागदावर इथे कनेक्शन घेता येतं. पण चाचणीचे सहा आठवडे होईपर्यंत तेही करू नका.