विधी विद्यार्थ्याने मोफत मदत कुठपर्यंत करावी?

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रात काल एक आजी निवृत्तिवेतनाचे कागद पदरात गुंडाळून आल्या, त्यांना अर्ज लिहून दिला, पण न्यायालयात त्यांची बाजू मी मांडू शकतो का?

उत्तर १: नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली केवळ नोंदणीकृत वकिलांनाच करता येते. मात्र विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवेस पात्र असतात. म्हणून आजींसोबत स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि वकिलासाठीचा अर्ज तिथेच भरून द्या.

उत्तर २: अर्ज मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका, आणि मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नका.

प्रश्नकर्ता: मूळ कागद माझ्याकडेच आहेत. उद्या सकाळीच नेऊन देतो.