वित्त आयोगाचा पैसा: बंधित असावा की अबंधित?

साकववाला: पंधराव्या वित्त आयोगाने 2021–26 साठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी ठेवले. त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा होता: निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला 40 टक्के अबंधित, तोही पगारावर चालत नव्हता. आमच्या गावात टाकी झाली, गटारं झाली. हवाय तो ओढ्यावरचा साकव. बंधितचा पैसा पडून आणि साकवासाठी आमदारांच्या दारात खेटे. आराखडा ग्रामसभेने करायचा म्हणे, पण रकाने दिल्लीत आखलेले!

टँकरग्रस्त: साकवाचं पटलं. पण चौदाव्या आयोगात (2015–20) सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीला होता, असा बांधलेलाही नव्हता. आमच्याकडे काय झालं? पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्वागत कमान. टँकर चालूच. विहिरीतला गाळ काढला, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) वेळेवर टाकली, याचं उद्घाटन होत नाही ना. बांधलाय तेच बरं.

साकववाला: कमानीचं बिल ग्रामसभेत का नाही विचारलं?

टँकरग्रस्त: कोरम भरला तर विचारू. आमच्याकडे सह्यांसाठी रजिस्टरच घरोघर फिरतं.

पावतीपुस्तक: आणि घरपट्टी? ती कुणाला बांधलेली नसते, हवा तिथे साकव घाला. पण थकबाकीदार भावकीतला, पुढच्या वेळी मत त्याचंच लागणार, मग वसुली कोण करतो! पथदिव्यांची बिलं पंधराव्या आयोगाच्या पैशातून भरा, असं राज्य सरकारने म्हटल्यावर 2021 साली सरपंच चिडले. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा.

माजी झेडपीवाला: तुम्ही ग्रामपंचायतींच्या 80 टक्क्यांवर भांडताय. 10 टक्के पंचायत समितीचे, 10 टक्के जिल्हा परिषदेचे, त्यांचं काय? महाराष्ट्रातल्या बहुतेक परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली, प्रशासक बसले. निवडून आलेलं मंडळ नाही तर अनुदान नाही, ही आयोगाची अट; त्यामुळे हे दोन्ही वाटे अडकले. निवडणूक लावणं आमच्या हातात थोडंच होतं?

टँकरग्रस्त: अट योग्यच. दर पाच वर्षांनी निवडणूक घ्या, असं घटनेतच आहे. पैसा अडवल्याशिवाय राज्य सरकार हलत नाही.

माजी झेडपीवाला: हललं कुठे? पैसा अडला तरी निवडणुका लांबतच गेल्या. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, चार महिन्यांत घ्या म्हणून. तोवर रस्ते आमचे खड्ड्यात, मंत्रालयाचे नाहीत.