वॉलरसच्या कळपावर ड्रोन नकोच

ड्रोन उंचावरून उडवला तर वॉलरसना (उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातले मोठ्या सुळ्यांचे सस्तन प्राणी) काय फरक पडतो असं काही जण विचारतात, तर बाबांनो खूप पडतो. अलास्कात पॉइंट ले गावाजवळ 2014 च्या सप्टेंबरमध्ये अंदाजे 35,000 वॉलरस किनाऱ्यावर येऊन पडले होते, अगदी खेटून, एकाचे सुळे दुसऱ्याच्या पाठीवर टेकलेले. एवढ्या गर्दीत एखादं विमान किंवा ड्रोन कमी उंचीवरून गेलं किंवा अस्वलाचा वास आला की एक बिथरतो आणि मग सगळेच पाण्याकडे सुटतात, मोठी मादी आठ-नऊशे किलोची, मधे सापडलेल्या पिल्लाचं काय होणार? 2009 मध्ये अलास्कातच आइसी केपजवळ 131 मेलेले सापडले, बहुतेक पिल्लंच.

मुळात या कळपांतल्या माद्या बर्फावर बसून विश्रांती घेतात आणि खाली उथळ तळाशी बुडी मारून शिंपले खातात, पण उन्हाळा संपताना बर्फ खोल पाण्याकडे सरकतो मग किनाऱ्याशिवाय पर्याय काय.

पॉइंट लेच्या इनुपियाक (अलास्कातले मूळ रहिवासी) गावकऱ्यांनी तर पत्रकारांना, टूरिस्टना सरळ सांगितलं की येऊ नका. स्वतः पिढ्यानपिढ्या वॉलरसची शिकार करणारी माणसं आहेत ही, तरी कळप बसला की लांब राहतात, आपल्याला मात्र फोटो हवा!

बघायचेच असतील तर अलास्कातल्याच ब्रिस्टल बेमधलं (उपसागरातलं) राउंड आयलंड बेट आहे, 1960 पासून अभयारण्य, उन्हाळ्यात मुख्यतः नर असतात. परमिट लागतं आणि कड्यावरूनच बघायचं, खाली बीचवर उतरायचं नाही.