ऑस्ट्रॉमबाईंचं म्हणणं आपल्या बोअरला लागू पडतं का?

गोदाकाठ (पैठण) :
१९६८ साली अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं होतं की सामाईक कुरणात जो तो आपलं एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण उजाड होणार. म्हणून ते सरकारनं ताब्यात घ्यावं, नाहीतर वाटून टाकावं. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे पाट, नेपाळमधले शेतकऱ्यांचे कालवे अभ्यासले आणि दाखवलं की लोक स्वतः नियम करतात, राखण ठेवतात, चुकणाऱ्याला आधी लहान आणि मग मोठा दंड करतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कारभार म्हणजे फक्त सरकार नव्हे, ही त्यांची शिकवण मराठवाड्याला सगळ्यात जास्त लागू आहे.

बालाघाटचा शेतकरी (बीड) :
अजिबात पटत नाही. कुरण डोळ्यांना दिसतं, कातळाखालचं पाणी कुणाला दिसतं? शेजारच्यानं सहाशे फूट बोअर घेतला आणि माझी विहीर त्याच उन्हाळ्यात आटली. दोनशे फुटांखाली जाऊ नका, असा २००९ चा कायदाच आहे. तरी रात्री बोअर पाडायची गाडी येते नि सकाळी केसिंगचा पाईप उभा असतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते विसरलात का?

मांजराकाठ (लातूर) :
दादा, बाईंची पीएचडीच भूजलावर आहे. लॉस एंजेलिसजवळ उपसा इतका वाढला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं, तेव्हा उपसा करणाऱ्यांनीच आपसात मर्यादा ठरवून घेतली. आणि आपल्या शेजारी नगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहेच. तिथं शेतीसाठी बोअर बंद, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. तुमचा दोनशे फुटांचा नियम वरून आला, म्हणून कुणी पाळत नाही.

भूमिहीनाची लेक (परभणी) :
गाव ठरवणार म्हणजे नेमकं कोण ठरवणार? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं, ते उगाच नाही. ज्यांच्यावर नियमाचा परिणाम होतो त्यांना नियम करण्यात वाटा हवा, असं ऑस्ट्रॉम सांगतात. पण ज्याच्याकडे ना विहीर ना मोटार, त्याला या हिशेबात उपसा करणारा म्हणून कोण धरतं? टँकरमागे हंडा घेऊन माझी आई पळते.

गोदाकाठ :
ताई, हे मी मांडायला हवं होतं, राहिलं. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी चालवलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजलं जायचं. भूमिहीनालाही हिस्सा होता आणि उसाला मनाई होती. मला असेच नियम हवेत.

बालाघाटचा शेतकरी :
आमच्या ग्रामसभेत उसाला मनाई करा म्हणायला पहिला हात कोण वर करणार, तेवढं सांगा.