शब्द हवा आहे: किरणोपचारात त्वचेवर दिसणारा उजेड आणि ‘डोस’

पाटीपेन्सिल

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मी १५ ‘शेक’ घेतले. रांगेतल्या सगळ्या बायकांच्या तोंडी हाच शब्द. ‘तुमचा कितवा?’ ‘अकरावा.’ एक मावशी मात्र ‘लाईट’ म्हणायच्या. ‘आज लाईट लवकर दिली, दोनची एसटी मिळेल.’ फाइलीवर ‘रेडिएशन’ होतं, भिंतीवरच्या फलकावर ‘प्रारणोपचार’, आणि डॉक्टरीणबाई बोलताना ‘किरणं’ म्हणत. एकाच खोलीत पाच शब्द.

दहाव्या-अकराव्या दिवशी माझ्या काखेजवळच्या घडीतली कातडी काळवंडली, मग तिचे पापुद्रे निघायला लागले. बाकीची छाती नुसती तांबूस. मी तंत्रज्ञ मुलीला विचारलं की इथेच का? ती म्हणाली, ‘काकू, घडीत डोस जास्त बसतो.’

हे ‘बसतो’ माझ्या मनात राहिलं. आता उपचार झालेल्या आमच्या बायकांच्या गटासाठी मी एक टिपण लिहितेय. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी एक पद्धत विकसित केली आहे. किरणं चालू असताना त्वचेतून अगदी मंद उजेड बाहेर पडतो, तो कॅमेऱ्यात टिपतात, आणि डोस कुठे पडतोय हे त्याच क्षणी पडद्यावर दिसतं. मी तीन शब्दांवर अडले आहे. ‘डोस’ला मात्रा म्हणू का? या उजेडाला झळाळी म्हणू, आभा म्हणू, की आणखी काही? आणि कॅमेऱ्यातल्या चित्राला काय म्हणायचं? ‘छायाचित्र’ लिहिलं आणि खोडलं, कारण इथे छाया नाहीच, अंगच उजळतंय.

खलबत्ता

‘मात्रा’ नको, असं माझं ठाम मत. मात्रा म्हटलं की आमच्या पिढीला सहाणेवर उगाळलेला हेमगर्भ आठवतो, आणि तो उगाळायचे माणूस शेवटच्या घटका मोजत असताना. पेशंटच्या माहितीपत्रकात ती आठवण कशाला? शिवाय मात्रा ‘लागू पडते’, किंवा कुणाची कुणापुढे ‘चालत नाही’. म्हणजे तो शब्द देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. ‘डोस’ आता मराठीच झाला आहे. पोलिओचा डोस, लसीचे दोन डोस हे खेड्यातल्या आजीलाही कळतं.

मोजपट्टी

मी किरणोपचार विभागात वैद्यकीय भौतिकीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खलबत्तांनी ‘देणाऱ्याच्या बाजूने’ म्हटलं ते नेमकं आहे, पण ‘डोस’ही त्यातून सुटत नाही. गोळीचा डोस म्हणजे आपण पोटात घेतली ती. किरणांचा डोस म्हणजे यंत्राने सोडलं ते नव्हे, तर ऊतीने किती ऊर्जा स्वतःत घेतली ते. एक किलो ऊतीने एक ज्यूल ऊर्जा घेतली की एक ग्रे. ग्रे हे नाव लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञावरून आलं. पाटीपेन्सिलताई, तुमचे १५ शेक म्हणजे बहुधा ४० ग्रे असणार, ती पद्धत आता रुळली आहे.

‘शेक’बद्दल एक हिशोब सांगतो. ४० ग्रे एकदम दिले असं धरलं, तरी त्या ऊर्जेने पाणी तापतं ते फक्त एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढं. म्हणजे शेक म्हणावा असं त्यात काही नाही. त्वचा भाजल्यासारखी दिसते, पण ती उष्णतेने भाजत नाही. त्वचेच्या खालच्या थरात नव्या पेशी तयार होत असतात, त्यांना इजा होते आणि वरचा थर वेळेवर भरून येत नाही. म्हणून परिणाम उशिरा दिसतो, शेवटच्या दिवसानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो. ‘शेक’ ऐकून काही नातेवाईक घरी बर्फ लावतात. शब्दामुळे होणारा हा त्रास मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

आता घडीचं. ६ एमव्ही (मेगाव्होल्ट, म्हणजे किरणांची ताकद) क्ष-किरणांचा सर्वांत जास्त डोस कातडीवर बसतच नाही, तो साधारण दीड सेंटिमीटर खोल बसतो. वरची कातडी त्यामानाने वाचते. पण काखेत किंवा स्तनाखाली कातडीवर कातडी आली, की वरची घडी खालच्या कातडीवर पांघरुणासारखी पडते आणि खालची कातडी ‘खोल’ जाते. तिथे वाचण्याची सोय उरत नाही. मुद्दाम कातडीला डोस हवा असेल तेव्हा आम्हीच वर बोलस ठेवतो, म्हणजे जेलसारखी मऊ चादर. तुमच्या तंत्रज्ञ मुलीचं ‘बसतो’ अगदी बरोबर होतं.

दवबिंदू

‘बसतो’ छान आहे, पण ‘जिरतो’ कसा वाटतो? ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ मधला. बाळाच्या अंगात तेल जिरवतात तसा. वरून किती ओतलं आणि आत किती जिरलं हा फरक त्या एका क्रियापदात आहे. ‘शोषित मात्रा’ वाचून माझ्या आईला काही कळणार नाही, ‘अंगात जिरलेला डोस’ लगेच कळेल.

खलबत्ता

‘जिरली का?’ हा अर्थ मध्ये येईल अशी भीती आधी वाटली. पण ‘डोस जिरला’ म्हटल्यावर नाही येत. ‘मुरला’ मात्र चालणार नाही, मुरायला वेळ लागतो. इथे तर क्षणाचं काम आहे.

पाटीपेन्सिल

जिरलेला डोस. घेतला! आता उजेडाचं सांगा.

मोजपट्टी

शब्द निवडण्याआधी तो उजेड कुठून येतो ते पाहू, नाहीतर सुंदर पण चुकीचा शब्द निवडला जाईल.

निर्वात पोकळीत प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही. पण पाण्यात प्रकाशच मंदावतो, सेकंदाला ३ लाखांवरून सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. शरीरातही तसंच. क्ष-किरणांनी ऊतीतून ढकललेले इलेक्ट्रॉन त्या मंदावलेल्या प्रकाशाला मागे टाकतात आणि तेव्हा त्यांच्या वाटेवर उजेड पडतो. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ पावेल चेरेन्कोव्हने १९३४ मध्ये हे सर्गेई वाविलोवच्या हाताखाली काम करताना टिपलं. इगोर ताम आणि इल्या फ्रांक यांनी १९३७ मध्ये कारण मांडलं. तिघांना १९५८ चं नोबेल मिळालं. वाविलोव १९५१ मध्येच गेले होते, म्हणून त्यांचं नाव त्यात नाही. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ‘अप्सरा’ अणुभट्टीच्या पाण्यातली निळाई ती हीच.

म्हणून ‘चकाकी’ बाद. चकाकतं ते दुसऱ्याचा प्रकाश परतवतं. ‘झळाळी’ही बाद, ती सोन्याला. त्वचेतून येणारा हा उजेड इतका फिका असतो की बघणाऱ्याच्या डोळ्याला दिसतच नाही. यंत्रातून किरणं सलग येत नाहीत, सेकंदाला काहीशे ठोके येतात आणि प्रत्येक ठोका मायक्रोसेकंदांचा. कॅमेरा फक्त तेवढ्यापुरता उघडतो आणि लगेच मिटतो. ठोक्यांच्या मधल्या वेळात खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश वेगळा टिपून वजा करतात. त्यामुळे दिवे घालवून पेशंटला अंधारात झोपवावं लागत नाही.

दवबिंदू

एक शंका. माझ्या काकांच्या डोक्याला किरणं दिली तेव्हा ते म्हणायचे, डोळे मिटल्यावर निळा लखलखाट होतो. घरात कुणाला खरं वाटलं नाही.

मोजपट्टी

काका खरं सांगत होते. डोळ्याच्या आतल्या पारदर्शक भागातही हाच उजेड तयार होतो. डार्टमथच्याच गटाने २०१९ च्या सुमारास उपचार चालू असताना तो कॅमेऱ्यात पकडला. घरी नक्की सांगा.

पाटीपेन्सिल

हे वाचून थोडा वेळ लिहवेना. किती जणांना ‘भास होतोय’ म्हणून गप्प केलं असेल.

पण मग त्वचेवरचा उजेडही निळाच असेल ना? ‘निळाई’ हा शब्द फार आवडला.

मोजपट्टी

तोच तर पेच आहे. तयार होतो निळा, बाहेर येतो तांबडा. लहानपणी लोडशेडिंगमध्ये बॅटरीवर तळहात धरला की बोटं लाल दिसायची, तसंच. रक्त निळा भाग गिळून टाकतं. या चित्रांत शिरा काळ्या धाग्यांसारख्या दिसतात, स्तनाग्राभोवतीचा भाग गडद दिसतो. डोस तिथेही तेवढाच असतो, फक्त उजेड बाहेर येऊ शकत नाही.

त्यावरून माझा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. टिपणात ‘त्वचेवरचा डोस दिसतो’ असं कृपा करून लिहू नका. दिसते ती डोसाची खूण. आपल्याकडे तर हा फरक फार मोलाचा. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उजेड शोषतं. गोऱ्या बाईला आणि सावळ्या बाईला अगदी सारखा डोस मिळाला, तरी सावळ्या त्वचेतून उजेड कमी येतो. म्हणून त्वचेचा रंग वेगळा मोजून चित्रात दुरुस्ती करण्यावर काम चालू आहे. तुमच्या गटातल्या एखादीने उद्या असं चित्र पाहिलं आणि ‘माझं मंद आलं, म्हणजे मला कमी डोस मिळाला’ असं तिच्या मनात बसलं, तर ते काढणं कठीण जाईल.

खलबत्ता

मग याचा उपयोग काय? डोस मोजायला पूर्वीपासून कातडीवर बारीक मापक चकत्या चिकटवतात असं ऐकलं होतं.

मोजपट्टी

चिकटवतात, अजूनही. टीएलडी किंवा डायोड ही त्या मापकांची नावं. पण त्या तेवढ्याच एका ठिपक्यापुरतं सांगतात. उजेडाचं चित्र सगळी जागा एकदम दाखवतं. हनुवटी मध्ये आली का, दंड किरणांच्या वाटेत घसरला का, दुसऱ्या स्तनाच्या कडेवर पडतंय का. २०१४ मध्ये डार्टमथच्या गटाने स्तनाच्या उपचारातली पहिली चित्रं प्रसिद्ध केली. २०२१ च्या त्यांच्या अभ्यासात ६४ जणांपैकी ६ जणांच्या बाबतीत असा नको तिथे पडलेला डोस चित्रात दिसला. ठरवलेल्या जागेबाहेर उजेड दिसला की थांबून हात नीट ठेवता येतो. आकडा अचूक नसला तरी ‘कुठे’ हे लगेच कळतं. माझ्या मते याचं खरं बळ तिथेच आहे, आकड्यात नाही.

सायसाखर

उशिरा आले. शब्द सुचवते: ‘उमटणारा उजेड’. पाऊल उमटतं, वळ उमटतो, छाप उमटते. उमटतं ते कशाची तरी खूण असतं, ती वस्तू स्वतः नसते. मोजपट्टी म्हणताहेत तो फरक क्रियापदातच बसला आहे. आणि वळ अंगावरच उमटतो, त्यामुळे त्वचेशी त्याचं नातं आहेच. ‘आभा’ शरीराबाहेर वलयासारखी असते आणि तिला लगेच अध्यात्माचा वास येतो, ती टाळा.

दवबिंदू

‘उमटणारा उजेड’ला माझं मत. निळाई अणुभट्टीच्या पाण्यासाठी ठेवू. पण परिभाषेत ‘चेरेन्कोव्ह प्रारण’ आहे ते एकदा तरी द्या, म्हणजे ज्याला आणखी शोधायचं त्याला धागा मिळेल. ‘किरणोत्सर्ग’ मात्र नको. बातम्यांमुळे त्या शब्दाला अपघाताची सावली आहे, आणि बाहेरून हे किरण घेतलेली बाई घरी नातवाला जवळ घ्यायला घाबरते. तिच्या अंगात किरण उरत नाहीत, हे शब्दानेही सांगायला हवं.

सायसाखर

हे शंभर वेळा खरं. मी परिचारिका आहे. ‘आता बाळाला घेऊ का?’ हा प्रश्न दर आठवड्याला ऐकते.

पाटीपेन्सिल

‘किरणोत्सर्ग’ कुठेही येणार नाही. मीही पहिल्या दिवशी भाचीच्या मुलीला लांबूनच पाहिलं होतं.

चित्राला ‘उजेडचित्र’ म्हणावं असं आता वाटतंय. प्रकाशचित्र म्हणजे साधा फोटो असा समज होईल. आणि ‘शेक’ मी पूर्ण काढणार नाही. त्या रांगेतल्या बायकांचा तो शब्द आहे, त्याच्यावरून सुरुवात करून पुढे ‘किरणं’कडे नेते. मसुदा असा:

‘आपण ज्याला शेक किंवा लाईट म्हणतो त्या उपचारात किरणं शरीरात जातात, पण उष्णता नसते. घरी त्या जागेवर बर्फ लावू नका, शेकूही नका. किरणं चालू असताना त्वचेतून अतिशय मंद उजेड उमटतो. तो डोळ्यांना दिसत नाही, खास कॅमेऱ्याला दिसतो. या उजेडचित्रावरून किरणं ठरवलेल्या जागीच पडताहेत ना, हे पाहता येतं. उजेड ही अंगात जिरलेल्या डोसाची खूण आहे, त्याचं माप नव्हे. सावळ्या त्वचेतून, शिरांवरून उजेड कमी येतो, तरी डोस तेवढाच असू शकतो. काखेत, स्तनाखाली, जिथे घडी पडते तिथे डोस जास्त बसतो. तिथली कातडी रोज बघा आणि काळवंडली, ओलसर झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता सांगा. उपचार संपल्यावर पोराबाळांना जवळ घ्या.’

मोजपट्टी

‘उपचार संपल्यावर’ काढा, ताई. बाहेरून देतात त्या किरणांत उपचार चालू असतानाही जवळ घेता येतं, त्याच संध्याकाळी.

पाटीपेन्सिल

काढलं. ‘त्याच संध्याकाळी’ घातलं.