मदत हवी आहे: ओडू १६ मध्ये गेटपास छापताना 'इट मे हॅव बीन डिलीटेड'

कळमना_गोदाम
नमस्कार. नागपुरात कळमन्याच्या संत्रा गोदामावर ओडू १६ कम्युनिटी (धंद्याचा माल-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याची फुकट आवृत्ती) आहे, उबुंटू सर्व्हरवर. गेटपासचं (गाडी बाहेर सोडायच्या चिठ्ठीचं) मॉड्यूल, म्हणजे ओडूला जोडलेला भाग, बाहेरून बनवून घेतलेलं. कालपासून 'गेटपास छापा' बटण दाबलं की हे येतं: 'नो रेकॉर्ड फाउंड फॉर युनिक आयडी गेटपास.अ‍ॅक्शन_रिपोर्ट_गेटपास. इट मे हॅव बीन डिलीटेड.' पीजीअ‍ॅडमिनमधून (थेट डेटाबेसमधून) डुप्लिकेट वाटणारे ३ रिपोर्ट, म्हणजे छापायच्या नोंदी, डिलीट झाले होते. त्याच नावाचा रिपोर्ट स्क्रीनवरून नवीन बनवला, तरी बटण चालून नाही राहिलं. गाड्या गेटवर उभ्या आहेत, चिठ्ठ्या हातानं लिहून राहिलो.

हिंगणा_डीबी
भाऊ, बटण रिपोर्टला नावानं नाही शोधत, एक्स्टर्नल आयडीनं, म्हणजे मॉड्यूलनं दिलेल्या ओळखखुणेनं शोधतं. स्क्रीनवरून बनवलेल्या रिपोर्टला तो आयडी नसतो. नवा रिपोर्ट आधी काढून टाका, पण स्क्रीनवरूनच.

एररच्या शब्दांतच निदान आहे. स्क्रीनवरून डिलीट केलं असतं तर ओडूनं एक्स्टर्नल आयडीही पुसला असता आणि 'एक्स्टर्नल आयडी नॉट फाउंड इन द सिस्टम' आलं असतं. तुमच्याकडे आयआर_अ‍ॅक्ट_रिपोर्ट_एक्सएमएल टेबलमधली ओळ गेली, पण आयआर_मॉडेल_डेटामधली (एक्स्टर्नल आयडी ठेवणाऱ्या टेबलमधली) ओळ तशीच आहे आणि तिचा रेस_आयडी, म्हणजे रेकॉर्डचा आकडा, आता नसलेल्या रिपोर्टकडे बोट दाखवतो. डेव्हलपर मोड चालू करून सेटिंग्ज, टेक्निकल, एक्स्टर्नल आयडेंटिफायर्स इथे 'गेटपास' शोधा, ती ओळ सापडेल. तिला हात लावू नका.

आधी पीजी_डम्पनं डेटाबेसचा बॅकअप घ्या, फाइलस्टोअरचं (ओडूच्या जोडलेल्या फाइल्सचं) फोल्डरही कॉपी करा. मग ओडूची सर्व्हिस थांबवून ओडू-बिन (ओडू चालवायची कमांड) त्याच कॉन्फिग फाइलनं चालवा: '-डी'पुढे डेटाबेसचं नाव, '-यू'पुढे गेटपास, शेवटी 'स्टॉप-आफ्टर-इनिट'. अपग्रेड होताना ओडूला रिपोर्ट नाही हे दिसतं, ते ती अनाथ ओळ काढून रिपोर्ट नव्यानं बनवतं. मग सर्व्हिस सुरू करा.

धरमपेठ_ओडू
उपाय बरोबर आहे, पण अपग्रेडआधी एक बघा. छापील नमुन्याच्या मूळ व्ह्यूमध्ये (मांडणीत) कोणी स्क्रीनवरून बदल केला असेल, म्हणजे लोगो सरकवला, मोबाइल नंबर टाकला, तर तो पुसला जाईल. त्या व्ह्यूचा एक्सएमएल (मांडणीचा कोड) कॉपी करून ठेवा.

अपग्रेडच का, डेटाबेसमध्ये ओळ हाताने इन्सर्ट का नको? बटण 'टाइप अ‍ॅक्शन'चं असेल तर व्ह्यूमध्ये एक्स्टर्नल आयडी नाही, रिपोर्टचा आकडा साठवलेला असतो, समजा ४१२. नवा रिपोर्ट ४६० वर बसला तरी ते बटण ४१२ च मागतं. '-यू'मध्ये गेटपासवर अवलंबून असलेली मॉड्यूलंही अपग्रेड होतात, त्यामुळे त्यांच्या व्ह्यूमधले आकडेही बदलतात. बाकीचे २ रिपोर्ट दुसऱ्या मॉड्यूलचे असतील तर त्यांचंही नाव स्वल्पविराम देऊन त्याच '-यू'मध्ये टाका.

आणि रिपोर्ट प्रिंट मेन्यूत नको असेल तर तो डिलीट करायचा नसतो. रिपोर्टच्या फॉर्मवर 'प्रिंट' मेन्यूतून काढायचं बटण आहे. त्यानं फक्त मेन्यूतली नोंद जाते, रिपोर्ट राहतो.

कळमना_गोदाम
अपग्रेड केलं, गेटपास निघाला. पण ए५ ऐवजी ए४ वर येऊन राहिला.

हिंगणा_डीबी
ए५ पेपर फॉरमॅट जुन्या रिपोर्टवर हातानं लावलेला असेल, तो रिपोर्टबरोबर गेला. मॉड्यूलच्या एक्सएमएलमध्ये नाही म्हणून कंपनीचा ए४ लागला. टेक्निकल, रिपोर्ट्समध्ये जाऊन गेटपास उघडा, पेपर फॉरमॅट ए५ निवडा. मॉड्यूल बनवणाऱ्याला ती ओळ एक्सएमएलमध्येच टाकायला सांगा.