पीट घालून कुंडीचं मिश्रण घरी करावं का? बेळगावकरांनो, बोला

गच्चीवाला, टिळकवाडी
पावसाळा तोंडावर आला की तयार पॉटिंग मिक्सच्या पिशव्यांची रास लागते. फोडून बघा, बहुतेक वेळा निम्मा भुसा निघतो. माझं स्पष्ट मत: बी टाकायचं मिश्रण घरीच करावं आणि त्यात पीट मॉस (दलदलीत शेवाळ साचून झालेला थर, थोडक्यात पीट) घालावं.

दोन भाग पीट, एक भाग परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे), एक भाग चाळलेलं गांडूळखत. पीट चांगलंच आंबट, सामू (pH) 3.5 ते 4.5. म्हणून पीटच्या दर लिटरमागे 3-4 ग्रॅम डोलोमाइटची (चुनखडीसारख्या दगडाची) पूड, आणि ओलं करून आठवडाभर झाकून ठेवायचं. सामू 6 च्या आसपास येतो. कोरडं पीट गार पाणी घेत नाही, मणी होऊन पाणी वरूनच ओघळतं. कोमट पाणी थोडंथोडं शिंपडत हातानं चोळायचं. मूठ आवळली की एकदोन थेंबच गळायला हवेत, धार लागली तर जास्त झालं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं 1960 च्या दशकात पीट आणि व्हर्मिक्युलाइटचं (भाजून फुगवलेल्या अभ्रकासारख्या खनिजाचं) बिनमातीचं मिश्रण रूढ केलं, त्याचंच हे घरगुती रूप. रोपं एकसारखी येतात. पटत नसेल त्यांनी कारण द्यावं, "आमच्या आजीनं कुठं पीट बघितलं होतं" हे नको.

खानापूरकर
बरं, आजीला ठेवू बाजूला. कॅनडातनं नाहीतर लाटव्हिया-एस्टोनियातनं दलदल खणायची, वाळवायची, जहाजात घालायची, आणि ते टिळकवाडीच्या गच्चीवर मिरचीच्या बियांना. कशाला ओ? पीटचा थर वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. हातभर खणलं की चार-साडेचारशे वर्षं गेली. जगातल्या जमिनीच्या 3 टक्के भागावर या दलदली आहेत, पण सगळ्या जंगलांत मिळून नसेल इतका कार्बन त्यांत साठलाय. खणून वाळवलं की तो हवेत जातो.

आमची तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस समसमान घ्या. भागतंय की.

गच्चीवाला, टिळकवाडी
खानापूरकर, शेतात भागतंय, कुंडीत नाही. दोन पाऊस पडले की तांबडी माती कुंडीत थापून बसते आणि पुढं ऊन पडलं की वर पापडी धरते. बारीक बी त्यातनं वर येणार कसं? गोठ्यातल्या शेणखताबरोबर हरळी आणि हुमणी फुकट येतात, ते वेगळंच.

नर्सरीची सून, हिंडलगा
तुम्हा दोघांच्या मधे बोलते, राग मानू नका. आमच्याकडे कोबी, मिरची, टोमॅटोची रोपं प्रो-ट्रेमध्येच (छोट्या घरांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये) होतात. ट्रेच्या घरात चमचाभर जागा, तिथं माती घातली तर रोप उपटताना मुळं तुटतात. म्हणून बिनमातीचं मिश्रण हवंच, इथवर गच्चीवाले काका बरोबर. पण त्यासाठी पीट कशाला? तिपटूर-अरसीकेरेकडे नारळाच्या सोडणांचे ढीग आहेत. कोकोपीटची, म्हणजे त्या सोडणांच्या भुशाची, 5 किलोची वीट फुगून 70 लिटरच्या आसपास होते. वाळलं तरी पुन्हा पाणी पितं, पीटसारखं रुसत नाही.

आणि काका, तुमचं माप वाचून कोणी दुकानात नुसतं "पीट द्या" म्हणालं तर हातात कोकोपीटच पडेल. त्याचा सामू आधीच 5.5 ते 6.5 असतो. त्यात तुमच्या मापानं डोलोमाइट ओतलं तर सामू चढून पानं पिवळी पडतील. हे वर ठळक लिहा.

शहापूरच्या वहिनी
परलाइट तरी विकत का आणायचं? चिरमुऱ्याच्या भट्टीवर तुसाची राख मिळते, मिश्रण भुसभुशीत होतं.

नर्सरीची सून, हिंडलगा
वहिनी, काळं, अर्धवट जळलेलं तूस चालतं, छान चालतं. पांढरी राख फार नको, ती सामू वर नेते. त्यात आपलं बोअरचं जड पाणीही तेच काम करत असतं.

निपाणीकर
आमच्याकडं तंबाखूचा तरवा आजही गादीवाफ्यावर टाकतात, त्यामुळं ह्या भांडणात मी नाही. एकच सांगतो: मिश्रण कुठलंही करा, तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोच्या रोपाला शिवू नका. मोझॅकचा विषाणू हाताबरोबर जातो. आधी साबणानं हात धुवा. बाकी चालू द्या.

गच्चीवाला, टिळकवाडी
डोलोमाइटचं ठळक लिहितो, मुद्दा बरोबर आहे. पण कोकोपीटचं सगळं गोडच सांगितलं. त्यात मीठ असतं, दोनतीन पाण्यांनी धुतल्याशिवाय बी टाकता येत नाही. मेमध्ये नळाची वाट बघत बसणाऱ्यानं ते पाणी कुठनं आणायचं? शिवाय कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं, रोपाला देत नाही. कॅनडाचा हिशेब मांडताना हाही मांडा. मी बी टाकण्यापुरतंच पीट वापरतो, मोठ्या कुंड्यांत नाही.

खानापूरकर
"थोडंच वापरतो" हे सगळेच म्हणतात. ज्याला ब्लूबेरी नाहीतर कीटकभक्षी झाडं कुंडीत लावायचीत त्यानं पीट आणलं तर समजू शकतो, त्यांना आंबट आणि निःसत्त्वच लागतं. पण पावसाळ्यात चोर्ल्याच्या सड्यावर दवबिंदूची (ड्रॉसेरा) कीटकभक्षी झाडं जांभ्यावरच्या चिखलात मजेत उगवतात, त्यांना कोण पीट घालतंय? आणि जून ते सप्टेंबर आपल्या हवेत पीट वाळतच नाही. बारीक चिलटं होतात, रोपं बुडातनं कोलमडतात.

गच्चीवाला, टिळकवाडी
ते जास्त पाणी घातल्यानं. परलाइट वाढवा, ट्रे पत्र्याखाली ठेवा. आणि धुण्याच्या पाण्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

नर्सरीची सून, हिंडलगा
धुतलेलं पाणी परसातल्या नारळाच्या बुंध्याला घाला, त्याला मीठ चालतं. कॅल्शियमसाठी शेवटच्या पाण्यात थोडं कॅल्शियम नायट्रेट विरघळवून रात्रभर भिजवायचं, सकाळी निथळून घ्यायचं. नारळच नसेल तर मात्र काका जिंकले.